मनसारामचं पान

बायनाबाईला चर्चमधून कोणी हाकललं नव्हतं. हाकललं असतं तर चार शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. पण तालुक्याच्या चर्चमधली माणसं सभ्य होती, तीच पंचाईत. ती शेवटच्या बाकावर बसली की शेजारच्या बायका पदर सावरत हळूच सरकायच्या, आणि प्रार्थना संपेपर्यंत अख्ख्या बाकाची मालकीण ती एकटीच उरायची. मासे विकणाऱ्या बाईच्या अंगाला माशांचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार?

तिचं गाव मुलचेऱ्याकडच्या जंगलात, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाला लागून वसलेलं. ती धिवरांची, म्हणजे मासेमारांची लेक आणि धिवरांचीच सून. नवरा मनसाराम एका श्रावणात मासे धरायला गेला आणि आलाच नाही. लोकांनी गळ टाकले, जाळी ओढली. डोंगा सापडला, मनसाराम सापडला नाही. तिथल्या धिवरांची एक रीत होती. ज्याचं मढं पाण्याने ठेवून घेतलं, त्याचं पान बंद करायचं नाही. मासा शिजला की त्याचा वाटा पळसाच्या पानावर काढून काठाशी ठेवायचा. बायनाबाई ठेवायची. पुढे ते पान कुत्र्याने चाटलेलं नाहीतर कावळ्याने ओढलेलं दिसायचं, आणि तिची त्याला हरकत नव्हती.

येशूची ओळख तिला दवाखान्यातल्या चंदा सिस्टरने करून दिली. झिंगे घेता घेता सिस्टरने एक गोष्ट सांगितली. काही कोळी रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतत होते. उजाडताना त्यांना काठावर एक माणूस दिसला, विस्तव पेटवून मासे भाजत बसलेला. तो माणूस थोड्याच दिवसांपूर्वी मेला होता. तू कोण, हे विचारायची कोणाची छाती होईना. त्यानेच त्यांना जेवायला बोलावलं.

बायनाबाईने पाटी खाली ठेवली. "पान्यातून आल्ता का तो?"

सिस्टर हसली. बायनाबाई हसली नाही.

त्या एका गोष्टीसाठी ती दोन वर्षं चर्चला पायी गेली. बाप्तिस्म्याची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी अट घातली की मेलेल्याला जेवू घालणं बंद करा. माणूस वाईट नव्हता, त्याला शिकवलं होतं तसं तो बोलला.

"तुमचा मेलेला माणूस साऱ्यायले जेवू घालते," बायनाबाई म्हणाली, "अन् आमी आमच्या मेलेल्याले घातलं तं पाप काऊन जी?"

पाळकसाहेबांकडे उत्तर होतं, आणि ते बरंच लांब होतं. तिने ते सगळं ऐकून घेतलं, नमस्कार केला, आणि पुन्हा त्या बाकावर बसली नाही.

त्यानंतर दर आयतवारी सकाळी ती तलावाच्या काठावर विस्तव पेटवून मासे भाजू लागली. आधी झाडू नावाचा माणूस आला. त्याच्या हाताची बोटं रोगाने झडलेली होती. डॉक्टर सांगून थकले की रोग बरा झाला, पण गावाला डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. मग गिरजाबाई आली. ती एकटी राहायची, स्वतःशीच बोलायची, आणि गावात कोणाचं पोर आजारी पडलं की लोक तिच्या दाराकडे बघायचे. चेटकीण हा शब्द तिच्या तोंडावर कोणी म्हणत नसे आणि पाठीमागे दुसरा वापरत नसे. बायनाबाईला गाणी येत नव्हती, वाचता येत नव्हतं. ती दर आयतवारी तीच एक गोष्ट सांगायची, आणि ती दोघं ती नवीनच असल्यासारखी ऐकायची. मग तीन पानं वाढली जायची. चौथं, मनसारामचं, पाण्यालगतच्या दगडावर.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात ते चौथं पान दुमडलेलं सापडायला लागलं.

धिवर जेवण झालं की पान दुमडून वर दगड ठेवतात. नाहीतर वाऱ्याने ते पाण्यात जातं आणि जाळ्यात गुंततं. सगळे काठावरचा कोरडा दगड उचलतात. मनसाराम मात्र जित्यापणी पाण्यात हात घालून दगड काढायचा, त्याची खोडच होती ती. त्या आयतवारी बायनाबाई विस्तव विझवून वळली तर पान मधोमध दुमडलेलं, आणि वर हिरवं शेवाळ असलेला, पाणी गळणारा दगड. ती काठावर फतकल मारून बसली. ती भ्यायली होती, आणि तरी, खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांत ती इतकी सुखावली नव्हती.

पुढच्या आयतवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. झाडूने दातखीळ बसल्यासारखं तोंड बंद ठेवलं. पण दगड पाहिला तो शेळ्या चारणाऱ्यांनीही, आणि गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? नेमकी तेव्हाच बापूराव पाटलांची नात आचल तापाने फणफणली. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी तयार करायला गावाला वेळ लागत नाही.

बापूराव स्वतः बायनाबाईच्या दारात आले. रात्री न झोपल्याने डोळे लाल झालेले.

"गिरजी तुया नवऱ्याले पान्यातून बलावून राह्यली," ते म्हणाले. "येत्या आयतवारी आमी पाळीवर बसून पाहतो. पान आपोआप दुमडलं, तं ते बाई गावात राहत नाई."

गावात राहत नाही म्हणजे काय, ते बायनाबाईला ठाऊक होतं. मागे एका म्हातारीला असंच सांगितलं होतं. ती गावाबाहेर गेली, पण चालत नाही.

"पान मी ठेवतो भाऊ. गिरजाबाईचा त्याच्यात का संबंध?"

"मंग नोको ठेवू," बापूराव म्हणाले आणि गेले.

सांगायला सोपं होतं. ते सारे दिवस ती चुलीपुढे बसून राहिली. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाला पान वाढू नये?

आयतवारी धुकं होतं. पाळीवर माणसं ओळीने बसली होती, काही जणांच्या हातात काठ्या. गिरजाबाई आली, कारण न येऊन ती जाणार कुठे? मासे भाजले. वारा नव्हता, तरी पाणी काठाकडे सरकत होतं, बायनाबाईच्या पावलांपाशी येऊन थांबत होतं. बायनाबाईने चौथं पान वाढलं. पाळीवरची माणसं उठून उभी राहिली.

ते पान तिने दोन्ही हातांनी उचललं आणि गिरजाबाईपुढे ठेवलं.

"मनसाराम," ती पाण्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "तुयं पान आजपासून या बाईले देलं. तू आता येऊ नोको."

तिच्या पावलांपाशी आलेलं पाणी हळूहळू मागे गेलं. गिरजाबाई रडत रडत दोन माणसांचं जेवली. दगड कोरडाच राहिला. बापूराव बराच वेळ थांबले आणि मग माणसं घेऊन गेले. आचलला त्याच दिवशी बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि चंदा सिस्टरच्या सुयांनी ती बरी झाली. श्रेय गावच्या पुजाऱ्याने घेतलं, ते असो. बायनाबाई घरी गेली आणि मनसाराम बुडाला तेव्हा रडली नव्हती तेवढी रडली.

पुढच्या आयतवारी ती उठलीच नाही. काठाकडे जायचं तरी कशाला, असं झालं होतं तिला. शेवटी गिरजाबाई आणि झाडू दारात येऊन उभे राहिले, म्हणून उन्हं वर आल्यावर ती रिकामी पाटी घेऊन निघाली. मासे धरलेच नव्हते.

पाळ चढून ती खाली बघते तर काठावर धूर.

विस्तव पेटलेला होता. निखाऱ्यांवर मरळ भाजत होती, पाठीची कातडी नुकती करपायला लागलेली. शेजारी तीन पानं मांडलेली. झाडू आणि गिरजाबाई तर तिच्या मागेच उभे होते. पाण्यापासून विस्तवापर्यंत ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती, आणि परत गेल्याची एकही खूण नव्हती.

पाण्यालगतच्या दगडावर चौथं पान होतं. दुमडलेलं, वर पाणी गळणारा दगड. जेवून झालेलं.

कोण, हे कोणीच विचारलं नाही. मनसाराम की चंदा सिस्टरच्या गोष्टीतला तो, हे बायनाबाईनेही स्वतःला विचारलं नाही. तिने एकदा पाळीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिने तो दगड हलकेच पाण्यात सोडला आणि कोणाला दिसायच्या आत पान विस्तवात घातलं.

"बस न बाई," ती गिरजाबाईला म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं."

गिरजाबाई बसली. बसता बसता थोडी सरकली, मध्ये एका माणसाला बसता येईल एवढी.