एका बॅटरीवरची कानबाई

उज्ज्वलाला जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलता येत नसे. वाचा होती, चांगली तिखट होती. पण योगराज समोर आला की डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी सरळ बोलायचं नाही, हा नियम तिच्या सासरच्यांनी खानदेशातून सुरतेला येताना भांड्याकुंड्यांबरोबर बांधून आणला होता. गाव सुटलं, शेत सुटलं, माग चालवता चालवता सासऱ्यांचे कान गेले. नियम तेवढा टिकला. त्यामुळे जेठाला काही सांगायचं असलं की उज्ज्वला ते दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं सांगे. नवऱ्याला, सासूला, आणि कोणीच नसेल तर गॅसच्या टाकीला.

नवरा गजेंद्र ऑटो इलेक्ट्रिशियन होता. लिंबायतमधल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. दुपारी गजेंद्र झोपला की गिऱ्हाईक उज्ज्वला बघे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "बारा की चोवीस?" रिक्षा, मोटार, ट्रॅक्टर ही बारा व्होल्टची मंडळी. मोठी ट्रक चोवीसची. तिच्या पेटीत बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून बसवलेल्या असतात. बाराचा बल्ब चोवीसवर लावला की जळतो, एवढं कळायला आयटीआय करावं लागत नाही, असं तिचं मत होतं. गजेंद्रनं आयटीआय केलं होतं, म्हणून ती हे मत त्याच्यासमोर मांडत नसे.

सासू मालतीबाई एकोणीस वर्षं त्यांच्याकडेच होत्या. गुडघे गेलेले. आंघोळीला पाट लागे, पाटावर बसायला आधार लागे, आणि आधाराला उज्ज्वला लागे. योगराजनं सुरतेबाहेर सचिन गावात तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला हात धरून एक खोली दाखवली होती: "ही आईची." आई त्या खोलीत वास्तुशांतीची एक रात्र झोपली. त्यानंतर तिथे व्यायामाचं यंत्र आलं, आणि त्यावर योगराजच्या पँटी वाळू लागल्या.

आषाढात पारोळ्याला उज्ज्वलाची आई मोरीत घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. आई एकटी. शेजारीण भाकरी टाकून देत होती, पण वेणी कोण घालणार आणि लुगडं कोण नेसवणार? उज्ज्वलाला पंधरा दिवस तरी जायला हवं होतं. तिनं जाऊबाईंना, चंचलला, फोन केला.

"अगं, त्यात काय?" चंचल म्हणाली. ती सुरतेतच वाढलेली, अर्धी गुजरातीत बोले. "कानबाई होऊन जाऊ दे. सोमवारी विसर्जन झालं की आत्याबाईंना तिथूनच गाडीत घालून नेते. तू बिनधास्त जा. चिंता नहीं करवानी."

उज्ज्वलानं पिशवी भरून पलंगाखाली ठेवली.

श्रावणातली कानबाई, खानदेशची देवी, भाऊबंदांत एकाच घरी बसे, आणि मालतीबाई जिथे ते घर, म्हणून ती उज्ज्वलाकडे बसे. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेत. मोजायचे पुरुष, दळायचं बायकांनी. यंदा भाऊबंदांत सतरा पुरुष मोजले गेले. दळणाला बाया दोन होत्या, त्यातल्या चंचलच्या नखांना नुकताच रंग लावलेला होता.

दरवर्षी विसर्जनाला पलसाण्याहून एका नातेवाइकाचा ट्रॅक्टर येई आणि त्याच्यामागे सजवलेली ट्रॉली. ट्रॉलीवर पत्र्याचं कमळ, कमळात पाट, पाटावर नथ घातलेला नारळ, म्हणजे कानबाई. कमळाभोवती दिव्यांच्या माळा, मागे लाल दिवे, सगळं गजेंद्रनं ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टवर जोडलेलं. यंदा योगराजनं ट्रॅक्टर नको, नुसती ट्रॉली नेतो, म्हणून कळवून टाकलं.

"ट्रॅक्टर म्हणजे अगदी खेड्यासारखं दिसतं," तो म्हणाला. तो एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होता, आणि शनिवारी मिलची सहाचाकी ट्रक, मागे जोडलेल्या ट्रॉलीसकट आणि ड्रायव्हर धुडकूसकट, गल्लीच्या तोंडाशी उभी करूनच त्यानं हे सांगितलं.

उज्ज्वला ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं पदर घेतला आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, ट्रक चोवीसची असते. ट्रॉली बाराची आहे."

"तुले काय समजस त्याम्हा?" मालतीबाई म्हणाल्या.

गजेंद्र दुकानातून पक्कड घेऊन येईपर्यंत योगराजनं ट्रॉलीची वायर स्वतःच्या हातानं ट्रकला जोडली. मोठ्या भावाला काही येत नाही असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, त्याचंच हे फळ.

दिवे लागले. असे लागले की गल्लीनं तसा उजेड आजवर पाहिला नव्हता. कमळ पांढरंफटक पेटलं. बायांनी हात जोडले. "ट्रकचा पावरच वेगळा," कुणीतरी म्हणालं. योगराजनं मान डोलावली. मग एक माळ गेली. मग दुसरी. मग मागचे लाल दिवे एकेक डोळा मिटावा तसे मिटले, आणि जळक्या प्लास्टिकचा वास गल्लीभर पसरला.

"तुझं सामान हलकं असतं, गजू," योगराज म्हणाला.

गजेंद्रनं रविवारची अर्धी दुपार नवे दिवे लावण्यात घालवली. सगळे पुन्हा बाराचेच, कारण माळा बाराच्याच मिळाल्या. चोवीसचं बारा करणारं यंत्र मिळत होतं, पण त्याचं दुकान रविवारी बंद.

"दादा, माझ्याकडे एक जुनी बॅटरी आहे," गजेंद्र म्हणाला. "ट्रॉलीत ठेवतो. ट्रॉलीचं ट्रॉलीत चालेल. ट्रकला हातच लावायचा नाही."

"देवीच्या पायाशी भंगार ठेवणार? ट्रकमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या आहेत ना? मग एकीवरनं घे."

"तसं करत नाहीत, दादा. एकीवरच सगळा बोजा येतो."

"एका दिवसानं काय होतंय?"

गजेंद्रनं एकीवरनं घेतलं. ओट्यावरून उज्ज्वला बघत होती. हे वाक्य तिनं कुठेतरी ऐकलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, सासरे गेले त्या महिन्यात: आई सध्या गजूकडे राहू दे, थोड्या दिवसांनी काय होतंय.

दिवे छान लागले. ट्रक बंद करून धुडकू चहाला गेला, आणि रविवारची संध्याकाळ उतरली तसं कमळ जे झगमगत राहिलं ते राहिलंच. "राहू दे," योगराज म्हणाला, "लोकांना बघू दे."

त्याच संध्याकाळी, पुरण वाटताना, चंचल सहज म्हणाली, "अगं उज्ज्वला, सांगायचंच राहिलं. आमची लिफ्ट बंद आहे. चौथा माळा. आत्याबाईंच्या गुडघ्यांना कसं झेपणार? दिवाळीनंतर बघू ना."

उज्ज्वलाचा हात पाट्यावर थांबला. पारोळ्याच्या आईच्या हाताला आणखी वीस दिवस प्लास्टर होतं, दिवाळी अडीच महिन्यांवर. पुरण जरा जास्तच बारीक वाटलं गेलं.

सोमवारी सकाळी ढोल वाजला. कानबाई उज्ज्वलाच्या डोक्यावरून उंबरा ओलांडून ट्रॉलीवर, कमळात जाऊन बसली. उंबरा ओलांडलेली कानबाई परत घरात घ्यायची नाही, असं मालतीबाई मानत, म्हणून गल्ली मानत होती. धुडकूनं किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

ढोलवाला थांबला. योगराजनं दहा जणांना ट्रकला ढकलायला लावलं. मागे ट्रॉली आणि ट्रॉलीवर अठरा बाया. त्या उतरायला तयार नव्हत्या, कारण उतरलं की जागा जाते. ट्रक वीतभरही हलली नाही. गजेंद्रनं बॅटरीची पेटी उघडली, दिव्याचा टेस्टर एकीला लावला, मग दुसरीला. सगळी गल्ली वाकली.

उज्ज्वलानं पदर पुढे ओढला. योगराज दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तिनं नवऱ्याला विचारलं, चांगलं मोठ्यानं, "अहो, काय झालं?"

"ही बसली. पार रिकामी."

"आणि ती दुसरी? तीपण बिघडली का?"

"तिला काय धाड भरलीय? ती टम्म भरलेली आहे. तिच्यावर काही बोजाच नव्हता."

"म्हणजे दोघी एकाच घरातल्या, आणि बोजा एकीवरच?"

"तेच तर. अशी रोज चालवली ना, तर ही उपाशी मरते आणि ती चार्ज खाऊन खाऊन फुगते. शेवटी दोन्ही जातात." गजेंद्र आपल्या विषयात रंगला होता, बायको इतक्या आस्थेनं कधी विचारत नसे.

"मग उपाय काय यावर?"

"दोघींवर सारखा टाकायचा. नाहीतर..." गजेंद्र थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि मग पेटीत बरंच काही बघण्यासारखं असल्यासारखा पेटीत पाहू लागला.

ट्रॉलीवरची एक बाई हसली. मग दुसरी. नखांना रंग लावलेला हात चंचलनं पदराखाली घेतला.

"आत्याबाई," उज्ज्वला तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "तुमची पिशवी आणू का? ताई म्हणाल्या होत्या, विसर्जन झालं की तिथूनच नेतात म्हणून. माझ्या आईचा हात प्लास्टरात आहे."

मालतीबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"मी काय बोजा शे का?" त्या म्हणाल्या.

ढोलवाला दुसरीकडे बघू लागला.

"लिफ्ट बंद आहे ना, आत्याबाई," चंचल घाईनं म्हणाली. "चार माळे—"

"मी बसत बसत चढसू," मालतीबाई म्हणाल्या. "कानबाई समोर शे. योगराज, तुनी ती माले दाखाडेल खोली शे ना आजून?"

अठरा बाया, एक ढोलवाला, एक ड्रायव्हर आणि नारळावरचे चांदीचे दोन डोळे योगराजकडे बघत होते.

"आहे ना, आई," योगराज म्हणाला. "तुझीच तर आहे."

उज्ज्वला घरात गेली आणि पलंगाखालून दोन पिशव्या काढल्या. सासूची तिनं कधी भरून ठेवली होती, हे कुणी विचारलं नाही. गजेंद्रनं दुकानातली जुनी बॅटरी आणून बसलेल्या बॅटरीच्या जागी जोडली. भंगार म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. ट्रक सुरू झाली. ट्रॉलीच्या दिव्यांची वायर त्यानं काढून टाकली, आणि भर सकाळच्या उन्हात ते बंद आहेत हे तापीपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या दिवशी उज्ज्वला पारोळ्याला आईच्या केसांत फणी घालत असताना चंचलचा फोन आला. आत्याबाईंना पाटावरून उठवताना चंचलची कंबर धरली होती. व्यायामाचं यंत्र बाल्कनीत काढलं, तिथे ते भिजलं. आणि उज्ज्वला, तू येतेस कधी?

"लिफ्ट सुरू झाली का, ताई?"

"लिफ्ट? ती कधी बंद होती?" चंचल बोलून गेली.

"मग बरंच झालं," उज्ज्वला म्हणाली. फोन मांडीवर ठेवून तिनं आईच्या वेणीचे तीन पेड हातात घेतले. प्लास्टर निघायला अजून सोळा दिवस होते.