मावशींची चाळीस शेरडं

"लिवा," असं म्हणून मावशी आमच्या तोंडाकडे नव्हे, पेनाकडे बघत राहायच्या. का, ते मला फार उशिरा कळलं.

पाली गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा धनगरवाडा. भोरला आम्ही प्राध्यापकांसाठी संशोधनपद्धतीची कार्यशाळा घ्यायचो आणि एका सकाळी सगळ्यांना टेम्पोत घालून मुलाखतीच्या सरावाला तिथं न्यायचो. शेरडं चरायला सुटायच्या आत पोचायचं, कारण मग मावशीही डोंगरात. त्या घोंगडं अंथरायच्या आणि दम द्यायच्या, "आदी च्या घ्या. त्याबिगर म्या बोलनार न्हाई."

कार्यशाळेचा उपयोग किती झाला, हे तपासायचं कामही माझ्याचकडे. स्वयंपाक्यालाच भाजी कशी झाली विचारावं, तसं. तुम्हीही अशा कार्यशाळा केल्या असतील. शेवटच्या दिवशी एसटी गाठायच्या घाईत जो तो अभिप्रायाच्या फॉर्मात 'उत्तम'वर खूण करून मोकळा होतो. मी मात्र ते फॉर्म घेऊन मिरवायचो.

एका वर्षी मावशींपुढंही मिरवले. त्यांनी विचारलं, "शेरडं किती लिवली त्येंनी?"

"चाळीस. तुम्हीच सांगितलं ना."

"आन हायती किती?"

अंगणाला लागूनच शेरडं कोंडायचं वाडगं होतं. मी मोजली. अठरा भरली.

"दर साली म्या चाळीस सांगती. वळून कुनी बगत न्हाई. तुमीबी न्हाई बगितलं, मास्तर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वर्षी अहवालात खरं ते लिहिलं. वरच्या कार्यालयातून उत्तर आलं, कार्यशाळा आणखी एकदा घ्या. फरक दिसला नाही तर बंद करू. मी निम्मी भाषणं काढून टाकली आणि लोकांना नुसतं बघायला शिकवलं. शेरडांचं कुणालाच सांगितलं नाही. निकाल मावशी देणार होत्या.

पण त्या थंडीत मावशी गेल्या. फार वाईट वाटलं, आणि परीक्षक गेल्याची भीतीही वाटली.

या खेपेला घोंगडं सुनेनं अंथरलं. शेरडं किती, तर म्हणाली, "अठरा." पेनं चालली. सारोळ्याच्या एक प्राध्यापक बाई तेवढ्या उठल्या, वाडग्याशी जाऊन बोटानं मोजून आल्या.

"वहिनी, सतराच दिसतात."

"एक आजारी हाय. घरात बांदलीया."

"बघू का?"

सून हसली आणि त्यांना आत घेऊन गेली. मी आत जाणाऱ्या बाईंच्या पेनाकडे बघत होतो. ते अजून बंदच होतं. आता "लिवा" म्हणायला मावशी हव्या होत्या.