दाजींचा सोवळ्यातला पट्टा

दाजींना शेवटचं भेटायला गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, आणि तरीही कामात होते. डोळे मिटून खाटेच्या काठावरून तळवा फिरवत होते. मला वाटलं, काही मागायचं असेल, म्हणून वाकलो. तर म्हणाले, "कुण्या आडमुठ्यानं आडवं घासलंय बघ हे. लाकूड रेघेच्या अंगानं घासायचं असतं, एवढं बी कळत नाय लोकांना." मग जरा दम खाऊन, आतल्या खोलीकडे नजर टाकून हळूच विचारलं, "देवांच्या नाकांचा राग गेला का रे तुझ्या ताईच्या मनातनं? इचार की एकदा." मी म्हटलं, बायको तुमची, तुम्हीच विचारा. "मला भ्या वाटतं," म्हणाले. त्यानंतर आठवडाभरात दाजी गेले. प्रश्न तसाच राहिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे चांदवडकडचे, नोकरीपायी नाशकात आलेले. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला करायच्या, आणि घरी आलं की टोपी खुंटीला आणि पाय यंत्रावर. हे यंत्र भद्रकालीच्या बाजारातून आणलेलं. मुळात ते शिंप्याचं शिवणयंत्र. वरचं धूड कुणीतरी काढून नेलेलं, खाली नुसता पायानं हलवायचा पायटा आणि चाक. दाजींनी त्यावर दोन लाकडी रूळ बसवले, तंबूच्या जाड कापडाचा पट्टा त्यांच्याभोवती ताणला, पट्ट्याला सरस फासून त्यावर कुटलेली काच पेरली आणि पाय मारला. पट्टा सुसाट पळू लागला. त्यावर पहिलं लाकूड घासायला टेकवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि लग्नात मी अगदी जवळ उभा होतो.

काच एकसारखी हवी, म्हणून त्यांनी ताईच्या चाळण्या पळवल्या. त्यामुळे पट्ट्यांची नावंही स्वयंपाकघरातलीच पडली. भरड पट्टा, रवा पट्टा, मैदा पट्टा, आणि सगळ्यांत बारीक तो वस्त्रगाळ. घरात ताई चाळणी शोधायची आणि मागच्या पडवीत दाजी काच चाळत बसलेले असायचे, अंघोळीचं पाणी निवून गेलं तरी. सरस उकळायला ताईनं घरातली चूल द्यायला साफ नकार दिला. तो जनावरांच्या कातड्याहाडांचा असतो हे तिला ठाऊक होतं आणि वासावरून साऱ्या गल्लीलाही ठाऊक झालं होतं. दाजींनी अंगणात तीन दगड मांडले. शेजारीपाजारी नाकाला पदर लावून जायचे, आणि दाजी मात्र पळी ढवळत प्रत्येकाला थांबवून सांगायचे की सरस पातळ झाला तर काच सुटते आणि घट्ट झाला तर पट्टा तडकतो.

एक मात्र कबूल करायला हवं, विद्या त्यांनी मन लावून मिळवली होती. जुन्या दारावर रंग असेल तर भरड पट्टा, कारण बारीक पट्टा रंगानं लगेच चोंदतो. सागाला रवा, मग मैदा, मधली पायरी गाळायची नाही. गाळली की भरड पट्ट्याचे ओरखडे तेलपाणी केल्यावर दात काढून हसतात. विळीच्या गंजाला लावलेला पट्टा लाकडाला लावायचा नाही, लोखंडाची भुकटी लाकडात शिरून ते काळं पडतं. शिंगाच्या फणीला वस्त्रगाळ, तोही थांबत थांबत, नाहीतर शिंग तापून वाकतं. आणि सगळ्यावर कळस म्हणजे, "दाबायचं नाय. काम पट्टा करतो, आपण नुसतं धरायचं. आणि सपाट असंल तेच धरायचं. उठावाच्या कामाला पट्टा लावील तो गाढव." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

पण हौसेला मोल नसतं तशी अक्कलही नसते. घरातले पाट त्यांनी असे गुळगुळीत केले की श्राद्धाला आलेले एक वजनदार काका नैवेद्याआधीच घसरून ताटापर्यंत पोचले. पोळपाट दरवेळी थोडाथोडा पातळ होत गेला आणि एके दिवशी ताईच्या हातात त्याचे दोन झाले. मग त्यांची नजर वरवंट्यावर गेली. ताईनं नुकतीच टाकीवालीकडून पाट्या-वरवंट्याला टाकी घालून घेतली होती, म्हणजे चटणी नीट वाटली जावी म्हणून दगड चांगला खडबडीत करून घेतला होता. दाजींना वाटलं, बिचारीच्या हाताला टोचत असेल. सुऱ्याकात्र्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराकडून कुरुंदाच्या दगडाची भुकटी आणून त्यांनी खास पट्टा केला, आणि सणाच्या दिवशी तो वरवंटा संगमरवरासारखा करून तिच्यासमोर ठेवला. चटणी पाट्यावरून नुसती सरकत होती. "अहो, गुळगुळीत म्हणजे चांगलं, हे तुम्हाला सांगितलं तरी कुणी?" ताईनं विचारलं. दाजी खरोखर विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारलाच नव्हता.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग शकूचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरलं. नांदगावचं घर, माणसं भली. आमच्याकडे लग्नाआधी देव उजळायची रीत आहे. देव म्हणजे देव्हाऱ्यातले टाक, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले खंडोबा, भवानी, भैरोबा. ते सराफ बाजारात सोनाराकडे द्यायचे, तो मळ काढून झळझळीत करून देतो. ताईला हे टाक तिच्या सासूनं मरताना ओंजळीत दिले होते. दाजी म्हणाले, घरात यंत्र असताना देव परक्या हातात कशाला? ताई म्हणाली, तुमचा सरस माझ्या देवांना लागायचा नाही. दाजी हसले. त्यांनी त्याचाही विचार केला होता. नव्या कोऱ्या कापडाचा पट्टा, सरसाऐवजी बाभळीचा डिंक, काचेऐवजी वस्त्रगाळ विटकर, म्हणजे विटेची पूड. सोवळ्यातला पट्टा! उठावाचं काम म्हणून नुसतं टेकवायचं आणि उचलायचं, असा बेत. ताई जावांबरोबर बस्ता बांधायला बाहेर पडली तशी त्यांनी अंघोळ केली, सोवळं नेसलं आणि देव घेऊन पडवीत बसले.

चूक पट्ट्याची नव्हती. चूक भक्तीची होती. देवाला हात लावायचा तर मुखात नाम हवं, म्हणून दाजींनी आरती धरली. आरतीचा ठेका पायात उतरला. शेवटाकडे आरती द्रुत होते, तसा पाय द्रुत झाला, पट्टा भिरभिरला, आणि ऐन भावाच्या जागी दाजींचे डोळे मिटले. प्रत्येक देवाला एक अख्खी आरती... डोळे उघडले तेव्हा चांदी लखलखत होती, आणि नाकं, डोळे, मिशा, भवानीचे हात, खंडोबाचा घोडा, सगळं गेलं होतं. उरले होते ते नुसते चकचकीत तुकडे.

ताई परत आली तेव्हा मी तिथंच होतो. तिनं ताम्हनात पाहिलं. दाजी म्हणाले, "चकाकी मात्र बघ." एवढ्या वर्षांत मी ताईला ओरडताना पुष्कळ ऐकलंय, पण त्या दिवशी तिचा आवाज चढलाच नाही. म्हणाली, "सासूबाईंनी ओंजळीत दिले होते. मी शकूला कुणाच्या पाया पडायला सांगू?" दाजी मान खाली घालून विटकर झाडत राहिले. लग्नसराईत नवे टाक घडवायला सोनाराला सवड नव्हती. देवक बसवायची वेळ आली, गुरुजी विचारू लागले, यातला कुलस्वामी कोणता? दाजी टाक उजेडाकडे धरून उलटेसुलटे करून बघू लागले. तेव्हा ताई पुढं झाली. एकेक तुकडा तळहातावर घेऊन तिनं कडेवरून अंगठा फिरवला. "हा खंडोबा. ही भवानी. हे भैरोबा, ह्यांचा कोपरा दुमडलेला आहे." रोज अंघोळ घालणाऱ्या बाईला चेहऱ्याची गरज पडली नाही. लग्न निर्विघ्न पार पडलं. दाजींशी मात्र ती पुष्कळ दिवस मोजकंच बोलली.

दसऱ्याला दाजींनी नवे टाक घडवून आणले. सुबक, एकेक केस मोजून घ्यावा असे. ताईनं ते हातात घेतले आणि परत दिले. "छान आहेत. पण मी ह्यांना ओळखत नाही." ते शकूकडे नांदगावला गेले, आणि देव्हाऱ्यात जुनेच राहिले. यातून दाजींना काही उमगायला हवं होतं. पण तो भाबडा माणूस रोज त्या बिननाकाच्या देवांपुढे हात जोडून उभा राहायचा आणि ताईला राग आहे एवढंच समजून चालायचा. ताईनंही "झालं गेलं" असं कधी तोंडानं म्हटलं नाही. आमच्या घराण्यात अशी वाक्यं म्हणायची पद्धतच नाही...

आमच्याकडे घरचा कर्ता माणूस गेला की त्याचाही टाक करून देवांपाशी बसवतात. परवा सोनारानं दाजींचा टाक आणून दिला. पगडी, पिळदार मिशी आणि नाक असं धारदार, की दाजींनी पाहिलं असतं तर परतच केलं असतं. त्यांचं नाक बसकं होतं. ताईनं बराच वेळ तो न्याहाळला. मग उठली आणि पडवीत जाऊन यंत्रावर बसली. उभ्या जन्मात तिनं त्याला पाय लावला नव्हता. पट्ट्यांच्या ढिगातून तिनं नेमका सोवळ्यातला पट्टा काढला आणि रुळांवर चढवला. तिला तो ओळखता येत होता, हेच मला नवीन होतं. मी म्हटलं, "ताई, अगं हे काय करतेस?"

"एकट्यांनाच नाक असलं तर त्या सगळ्यांत उपऱ्यासारखे बसतील," ती म्हणाली आणि पाय मारला. हलकेच धरलं, दाबलं नाही. नाक गेलं, मिशी गेली. फुंकर मारून तिनं टाक उजेडात धरला. "आता घरचे दिसतात," म्हणाली.

दाजी आता खंडोबाच्या उजव्या अंगाला आहेत. त्यांना बसवलं त्या दिवशी सकाळी मी तिथंच होतो. ताईनं सगळ्यांना ताम्हनात घेतलं, पाणी घातलं, पुसून एकेकाला जागेवर ठेवलं. दाजींना ठेवताना म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा अंघोळ वेळेवर झाली." आम्ही दोघंही हसलो, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.