तिरपटसेन मरेपर्यंत जिलबी नाही

बऱ्हाणपुरात आमच्या मामांइतका सरळ माणूस झाला नाही, आणि त्यांच्या तिरपटसेनाइतका दगाबाज त्रिभुवनात झाला नसेल. मामा म्हणजे आमच्या यांचे सख्खे मामा, माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून राहायला शेजारच्या दोन खोल्यांत आणि जेवायला आमच्याकडे. आणि तिरपटसेन म्हणजे मामांच्याच डोक्यातून निघालेल्या एका लांबच लांब गोष्टीतला प्रधान. गोष्टीत राजपुत्र होता, राजकन्या होती, काळदरीचा सात तोंडांचा राक्षस होता. पण त्यांना कोण विचारतंय? राक्षस आपला गुहेत बसून गुरगुरायचा. खरे उद्योग सगळे त्याच्या या प्रधानाचे. सकाळी राक्षसाची खबर राजपुत्राला विकायची, दुपारी राजपुत्राची राक्षसाला, आणि संध्याकाळी दोघांच्या नावाने देवीला नारळ फोडून खोबरं एकट्याने खायचं.

आता मामा स्वतः कसे, ते सांगते. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, आणि मामा शाळेत मास्तर होते. एकदा गोरा साहेब तपासणीला आला, वर्ग गच्च भरलेला बघून खूश झाला. मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, यातली अर्धी मुलं आजच आणून बसवलीत. उद्या याल तर दिसायची नाहीत." साहेबाला किती कळलं देव जाणे, पण हेडमास्तरांना सगळं कळलं, आणि मामांची बदली निंबोल्याला झाली ती थेट पेन्शनीपर्यंत. पत्ते खेळताना समोरच्याने नुसतं म्हणावं, "एक्का कुणाकडे असेल बरं?" की मामा म्हणणार, "माझ्याकडे आहे ना." केळ्यांच्या फणीत एखादं केळं जास्त आलं तर उन्हातून परत द्यायला जायचे. केळीवाली म्हणायची, "मास्तर, आमच्याकडे तर ढोरं खाताहेत हो ती!" मला वाटतं, देव प्रत्येकाच्या वाट्याला थोडी लबाडी देतोच. मामांनी आपली सगळी तिरपटसेनाला देऊन टाकली होती.

चातुर्मासात दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या पडवीत वाती वळायला जमायच्या आणि मामा गोष्ट सांगायचे. कार्तिकीला गोष्ट थांबायची ती पुढच्या आषाढीपर्यंत. राजपुत्र बोलायला लागला की मामांचा आवाज पाढे म्हणून घेणाऱ्या मास्तरांचा. पण तिरपटसेन आला की उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर, एक डोळा बारीक, आणि आवाज असा की गुळाच्या ढेपेवर तूप. "महाराज, आपल्यासाठी प्राण देईन. कुणाचे, ते मागाहून ठरवू." हसून हसून आमच्या वाती वाकड्या व्हायच्या. पुढे पुढे तो घरातलाच झाला. दुधावरची साय गेली, तिरपटसेनाने खाल्ली. चहाचा दुसरा कप मागताना मामा म्हणायचे, "अक्का, माझा झाला. हा त्याच्यासाठी. नाही दिलास तर राक्षसाला जाऊन सांगेल." सासूबाई म्हणायच्या, "सांगू दे. त्या राक्षसालाही बिनसाखरेचा पाजीन."

आता माझं शहाणपण ऐका. मी शहापूरची, नवी नवरी, सासरचा पहिला चातुर्मास. आषाढी एकादशीला संध्याकाळी देवापुढे हातात पाणी घेऊन नेम बोलायची रीत. सासूबाईंनी केळीच्या पानावरच जेवायचा नेम धरला. गावाभोवती केळीचेच मळे, पानांना काय तोटा! थोरल्या जाऊबाईंनी कारली सोडली, जी त्या एरवीही खात नव्हत्या. मला वाटलं, आपण काहीतरी भारी करून दाखवावं. त्याच दुपारी मामांनी तिरपटसेनाला उकळत्या तेलावर उलटा टांगून गोष्ट थांबवली होती आणि दोर जळत आला होता. मी मनात म्हटलं, आज नाही तर उद्या पडतोय मेला. आणि मोठ्या तोऱ्यात पाणी सोडलं, "तिरपटसेन मरेपर्यंत मावा जिलबी खाणार नाही." मावा जिलबी म्हणजे माझा जीव की प्राण. सासूबाई ओरडल्या, "अगं, चातुर्मासापुरतं म्हण!" पण पाणी ताम्हनात पडलं होतं.

दुसऱ्या दुपारी तिरपटसेनाने टांगल्या टांगल्या आचाऱ्याला फितवलं, राजाचा मुदपाकखाना तुझ्या नावे करतो म्हणाला, आणि आचाऱ्याने कढईखालची लाकडं ओढून घेतली. कार्तिकीला सगळ्यांचे नेम सुटले. जाऊबाईंनी कारल्यांचं दान केलं, तेही मोठ्या आनंदाने. माझा नेम आपला तसाच.

तेव्हा सून मामेसासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. मी पदर पुढे ओढून पडवीतल्या खांबाशी बोलायची.

"खांबा, आज त्याला नाग चावला ना? विष चढेल ना रे?"

मामाही खांबालाच सांगायचे, "खांबा, सूनबाईंना म्हणावं, नाग त्याचा मेहुणा निघाला."

"खांबा, माणसाला काही लाज असते."

"माणसाला असते म्हणावं. हा प्रधान आहे."

मी लाच देऊन पाहिली. वांग्याचं भरीत, वर तेलाची धार, ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी. मामा पोटभर जेवले, हात धुतले, "सूनबाईंच्या हाताला काय चव आहे!" म्हणाले, आणि त्याच दुपारी तिरपटसेनाला देवी प्रसन्न झाली. माझ्या थोरल्याच्या बारशाला हलवाई दारात कढई मांडून बसला. "बहूजी, गरम है, ले लो," म्हणून त्याने ताट पुढे केलं. मी भिंतीकडे तोंड करून पाळणा हलवत बसले. बाळाला कुणी पाहतच नव्हतं, सगळी गल्ली मला पाहायला आलेली. सासूबाई भावावर कडाडल्या, "मेल्या, बाळंतिणीला तरी खाऊ दे! मार त्या तुझ्या मुडद्याला!" मामा म्हणाले, "अक्का, मुडदा असता तर भांडण होतं कुठे?"

अशी वर्षं गेली. मग एका चातुर्मासात मामांना दम लागायला लागला. पडवीत येणं थांबलं. बायका यायच्या, वाती वळायच्या आणि लवकर उठायच्या. एका दुपारी मी पेज घेऊन मामांच्या खोलीत गेले. ते उशीला टेकून होते. खोलीत खांब नव्हता, म्हणून मी दाराच्या चौकटीकडे तोंड केलं, तर मामाच म्हणाले, "सूनबाई, आज चौकट राहू दे. बस इथे. आज त्याला मारून टाकतो."

मी वाटी खाली ठेवली. "कशाने?"

"कशानेही. ठेच लागून मेला. तू जिलबी खा. तुझा नेम अडकवून वर गेलो तर तिथे काय तोंड दाखवू?" मग म्हणाले, "इतकी वर्षं मारता आलं असतं गं. पण तो मेला की राजपुत्राचं लग्न लागतं. लग्न लागलं की गोष्ट संपली. मग तुम्ही बायका वाती कुठेही वळाल की."

नुसतं गप्प बसायचं होतं मला. संध्याकाळी हलवायाकडून ताट आलं असतं. पण मामांनी "तर त्या दिवशी तिरपटसेन" म्हणून सुरुवात केली आणि आवाज त्याचा लागेचना. पाढ्यांचाच लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, मामा. तो सापडलाच नाही म्हणा."

"सापडला नाही कसा? चारी वेशींवर पहारा आहे."

"वेशीतून कशाला जातोय तो? कुंडीतून उतरला." आमच्या गावाबाहेर बादशाही काळातल्या कुंड्या आहेत, माळावर एकापुढे एक विहिरींसारखी तोंडं, आणि खाली भुयारातून पाणी गावाकडे वाहतं. "पाण्यातून चालत गेला. जोडे भिजू नयेत म्हणून राजपुत्राच्याच शिपायाकडे सांभाळायला दिले."

मामा माझ्याकडे बघत राहिले. हळूच एक डोळा बारीक झाला. "आणि शिपायाला सांगितलं काय?" गुळावर तूप, अगदी तस्सा आवाज.

"सांगितलं, तिरपटसेनाला धरायलाच उतरतोय."

मामा हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले. "अगं, तू तर त्याच्याहून बेरकी निघालीस!" आणि पेज सगळी प्याले. म्हणाले, "उद्या बायकांना इथेच बोलाव. पुढचं सांगतो."

बायका आल्या, पण मामांच्याने बोलवेना. त्याच महिन्यात ते गेले.

जाऊबाई म्हणतात, सांगणाराच गेला, आता कसला नेम? भटजी म्हणाले, एक नारळ ठेवा आणि सोडा. मी हो हो म्हणते आणि ताट पुढे आलं की हात मागे घेते. म्हातारपणी लोकांना माझं हसूच येतं, येऊ दे. पण कुंड्यांकडून जाणं झालं की मी थांबते आणि काठावरून खाली वाकून बघते. खालून गार वारा येतो, पाणी वाजत असतं. बरोबरच्या विचारतात, "काय बघतेस गं?" त्यांना काय सांगू! माझ्या सांगण्यावरून एक माणूस तिथे उतरलाय, आणि तो वर कसा यायचा, ते मामांनी सांगितलंच नाही.