अठ्ठ्याहत्तरचा भाव

बँकेतल्या म्हाताऱ्या माणसावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनात चित्र काढून मोकळे झाला असाल. जाड भिंगाचा चष्मा, कानावर पेन, वरून खडूस आणि आतून लोणी. थांबा जरा. आमच्या अप्पांना चष्मा नव्हता, पेन ते खिशातच ठेवायचे, आणि आतून ते काय होते हे मला कळेस्तोवर लई उशीर झाला.

एक मात्र करायचे. एक्सेलमध्ये आकडे भरून झाले की उजव्या हाताचं बोट एंटरच्या वर हवेत धरायचे. दाबायचे नाहीत. तसंच धरून माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "बघ बाबा, बसले का समदे?"

समदे म्हणजे सात जण. बाँडचं यील्ड, म्हणजे आजच्या भावाला घेतला तर वर्षाला किती टक्के सुटतील, ते काढायच्या सूत्राच्या कंसात सात गोष्टी लागतात. बाँड घ्यायची तारीख, मुदत संपायची तारीख, व्याजाचा दर, आजचा भाव, शेवटी परत मिळणारे शंभर, व्याज वर्षातून किती वेळा, आणि दिवस मोजायची रीत. अप्पा त्याला पंगत म्हणायचे. "एक जण दुसऱ्याच्या पाटावर बसला की समदी पंगत उठती." यील्ड आलं तरी त्यांचं समाधान नाही. ते यील्ड उलट्या सूत्रात घालून भाव काढायचे. बाजारातला भाव जसाच्या तसा परत आला, तरच वहीत लिहायचे.

मी तेव्हा लातूरच्या त्या बँकेत नवीन, प्रोबेशनवर. शिक्षण अहमदपूरला झालं. म्हणजे शाळा तिथं होती, शिक्षण एसटी स्टँडवर. फलाट क्रमांक तीनची घोषणा मी अशी काढायचो की म्हाताऱ्या बाया गाठोडी उचलून पळायच्या. बँकेत आल्यावर महिन्याभरात सगळा स्टाफ माझ्या घशात. कॅशियरची शिंक, मोठ्या साहेबांचं "बघू, करू, होऊन जाईल", शिपाई खाजाभाईंचं "या अल्ला, फिर मीटिंग!" अप्पांचं बोट तर मी रोज जेवणाच्या सुट्टीत काढायचो. अप्पा डबा खाताखाता बघायचे आणि म्हणायचे, "बोट थोडं अजून वर पाहिजे."

त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आलं. नळाला पंधरा-पंधरा दिवस थेंब नाही. बँकेच्या बोळात बोअरची गाडी लागली होती. सातशे फूट गेली तरी वर नुसता पांढरा फुफाटा. तो खिडकीतून यायचा आणि कीबोर्डवर बसायचा. अप्पा सकाळी आले की आधी फुंकर मारायचे. त्यांच्या कपाळावरचं भस्म आणि तो फुफाटा, रंग एकच.

अशा कोरड्यात एकच गोष्ट हिरवीगार होती. उदगीर नवा जिल्हा होणार, ही आवई. आमचे मोठे साहेब त्या आवईवरच जगून राहिले होते. जिल्हा झाला की कचेऱ्या, कचेऱ्या झाल्या की रस्ते, रस्ते आले की रस्ते बांधणाऱ्या कंपनीला कामच काम. स्टाफच्या पगारातून कापलेला पीएफ आमच्या बँकेच्या ट्रस्टात होता, आणि ट्रस्टाचे प्रमुख साहेबच. त्यांनी त्यातला मोठा भाग अशाच एका रस्तेवाल्या कंपनीच्या बाँडमध्ये घातला होता. शंभरचा बाँड, साडेनऊ टक्के व्याज, तीन वर्षं बाकी. बावन्न माणसांचा पीएफ.

अप्पा स्वतः उदगीरचे. त्यांना जिल्ह्याचं विचारलं तर म्हणायचे, "कलेक्टर आल्यावर हिरीला पाणी येतंय का? मग येऊ दे."

दर सोमवारी मुंबईचा दलाल फोनवर भाव सांगायचा. उन्हाळा लागला आणि शंभरचा सत्त्याण्णव झाला. यील्ड साडेदहाच्या वर. मग चौऱ्याण्णव. यील्ड बारा. स्टाफमध्ये आनंदीआनंद. कॅशियर म्हणाला, "अप्पा, यील्ड वाढलं, पेढे काढा!"

अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"एका दोरीला दोन बादल्या हायत," अप्पा म्हणाले. "भाव खाली गेला म्हणून यील्ड वर दिसतंय. आपल्याला जे व्याज मिळायचं तेच मिळणार. भाव का खाली गेला, ते इचार."

"का गेला?"

"लोक सोडून चाललेत. त्यांना कायतरी दिसलंय, आपल्याला अजून दिसंना."

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली दोन घरं कुलूप लावून पुण्याला गेली होती. त्यामुळं "सोडून चाललेत" म्हटल्यावर कुणी हसलं नाही.

अप्पांनी साहेबांच्या मागं लागून बुधवारी ट्रस्टाची मीटिंग लावून घेतली. चौऱ्याण्णवला विकायचं, शंभराला सहा रुपये सोडायचे, बाकीचे वाचवायचे. साहेब निम्मे वळले होते. खाजाभाई मला म्हणाले, "अप्पा बोले सो सही रहता, बाबा. मेरा अगले साल रिटायर है." अप्पा तर दोन महिन्यांतच रिटायर होणार होते. जायच्या आधी एवढं एक काम त्यांना उरकायचं होतं.

आता माझं सांगतो. तोंड लपवून सांगण्यासारखं आहे, पण सांगतो.

त्या सोमवारी ऑफिसात लई सुतकी वातावरण होतं. मला सुतक सहन होत नाही. मी समोरच्या चहाच्या टपरीवर गेलो, नाक दाबलं आणि बँकेत फोन लावला. दलालाचा आवाज माझ्या घशात तयारच होता. "अप्पाजी, बुरी खबर. आज अठ्ठ्याहत्तर." आणि फोन ठेवला. ठरवलेलं एवढंच होतं की अप्पांचं बोट हवेत अडकणार, मग मी आत जाऊन तोच आवाज काढणार, सगळे हसणार, अप्पा म्हणणार, नाक थोडं अजून दाब.

मी रस्ता ओलांडून आत आलो तेव्हा अप्पांचं उलटं सूत्रही करून झालं होतं. पडद्यावर जवळजवळ वीस. बोट त्यांनी हवेत धरलंच नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ते उठले, वही घेतली आणि दार न वाजवता साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आत दोन संचालक बसले होते. मी धावत दाराशी गेलो.

"साहेब, बुधवारची वाट बघू नका. आजच विका. अठ्ठ्याहत्तर झालाय. यील्ड वीस. ह्या कंपनीत आता राम न्हाई."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दलालाला फोन लावला, स्पीकर चालू केला. तिकडून खरा आवाज आला, "अठ्ठ्याहत्तर? कोण बोलला साहेब? चौऱ्याण्णवच आहे. मी आज फोन कुठं केला अजून?"

एक संचालक हसला. मग दुसरा. मग साहेब, सुटका झाल्यासारखे, पोट धरून. "अप्पा, घरी पाणी येत नाही म्हणून झोप येत नाही का? भास व्हायला लागले तुम्हाला!"

अप्पांनी वळून दाराकडं बघितलं. मी नजर चुकवली. नंतर ते परत साहेबांकडं तोंड करून उभे राहिले. वही छातीशी धरून, गप्प. बाहेर बोअरची गाडी घरघरत होती. चार-पाच मिनिटं ते तसेच उभे होते. मीही उभा होतो. मला नुसतं एक वाक्य बोलायचं होतं.

बुधवारची मीटिंग रद्द झाली. "पोराच्या हातात द्या ते यील्डचं," साहेब म्हणाले, आणि अप्पांची फाइल माझ्या टेबलावर आली. अप्पांनी उरलेली रजा टाकली आणि उदगीरला निघून गेले. निरोपाला नारळ आणला होता, तो खाजाभाईंच्या कपाटावर वाळून गेला.

मग दर सोमवारी मी पंगत बसवायला लागलो. त्र्याण्णव. नव्वद. अठ्ठ्याऐंशीला यील्ड साडेचौदाच्या पुढं गेलं. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "तुला पण भास?" स्टाफ खोखो हसला. दलालाचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला होता, आणि मला तो काढावासा वाटत नव्हता. एका सोमवारी त्यानं नमस्कारही केला नाही. "भाव नाही," म्हणाला.

"म्हणजे किती?"

"नाही म्हणजे नाही. घेणाराच नाही कोणी."

भावाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. शून्य टाकलं. सूत्रानं आकडा दिलाच नाही. नुसती चूक दाखवली. पुढच्या महिन्यात कंपनीनं व्याज थकवलं. खाजाभाई माझ्या टेबलाशी आले, पडद्याकडं वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, इसमें अपना कित्ता बचा?" मी म्हणालो, बघून सांगतो.

त्याच रविवारी मी उदगीरची बस धरली. अप्पा त्यांच्या गल्लीत टँकरच्या रांगेत उभे होते, पायाशी दोन घागरी. मला बघून रांग सोडली नाही. मी सगळं सांगून टाकलं. टपरी, नाक, अठ्ठ्याहत्तर, नंतरच्या एकेका सोमवारचा भाव, थकलेलं व्याज. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. म्हणून ते जे बोलले ते इथं उतरवतो. त्यांचा आवाज मी कुणापुढं काढत नाही.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "दलाल स्पीकरवर बोलला आणि तू दारात उभा. तेव्हाच कळलं. मग मी तिथं उभा कशाला राहिलो? पाय दुखत नव्हते माझे? तू बोलशील म्हणून थांबलो."

"अप्पा, चुकलो—"

"गप बस. फोन केलास, पोरखेळ झाला, एक कानाखाली देऊन इसरलो असतो. पण नंतर चौऱ्याण्णव होता, त्र्याण्णव होता, नव्वद होता. किती सोमवार गेले? एका बी सोमवारी जाऊन म्हणाला न्हाईस का, साहेब, तो भास नव्हता, मी होतो?"

मागची बाई म्हणाली, "अप्पा, रांग सरकली." त्यांनी पायानं एक घागर पुढं ढकलली.

"मी बी बोललो न्हाई. तुझी नोकरी जाईल म्हणून गिळलं. लई मोठं मन केलं! एका पोराची नोकरी राखली आणि बावन्न जणांचा पीएफ घालवला. आणि मला माझा पीएफ बुडायच्या आधीच रुपयानं रुपया मिळाला, चेक घेऊन घरी आलो. ती लाज घेऊन इथं बसलोय, आणि तू माझ्याकडं माफी मागायला आलास? माझं काय गेलंय? काय गेलंय माझं, सांग की! खाजाला सांगितलंस? न्हाई ना? मग उदगीरचं तिकीट कशाला काढलंस, मूर्खा? तो बँकेच्या मागं राहतोय. चालत जायचं होतं."