देवाला वाहिलेली पाच फुलं

शनिवार, १० जून २०१७. सकाळी सातला मी काकडीच्या सँडविचसाठी ब्रेडला लोणी लावत होते. आयर्लंडमधल्या नास गावाबाहेरच्या आमच्या रस्त्यावर शेजारणीची बाग त्या दिवशी लोकांना पाहायला खुली होती. जमलेले पैसे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या हॉस्पिसला जाणार होते. कॉटेजपुढचं जुनं रान काढून तिने तीन वर्षं खपून खडीच्या वाटा आणि फुलांचे वाफे केले होते. चहापाणी माझ्याकडे होतं.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "अगं, देवाला फुलं नाहीत. शेजारून चार आणू का?"

"आणा की आई, ढिगाने आहेत तिच्याकडे," मी मान वर न करता म्हणाले. पुण्यात सकाळच्या फेरीत लोकांच्या कुंपणावरची फुलं पिशवीत टाकणाऱ्या बायकांत मीही होते. देवासाठी फूल तोडण्याला चोरी म्हणतात, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

साडेदहाला ट्रे घेऊन गेले, तर शेजारीण एका वाफ्यापाशी उभी होती. तिची पांढरी पिओनी लावल्यापासून पहिल्यांदाच फुलली होती. कोबीच्या गड्ड्याएवढी पाच फुलं. आता नुसते देठ उरले होते. समोरच्या घरातले सत्तरीचे गृहस्थ खाली मान घालून ऐकत होते. बागेतली सगळी खडी त्यांनीच वाहिली होती, आणि आदल्या संध्याकाळी मशीनने कडेचं गवतही कापलं होतं.

"जरा बघून मशीन चालवायचं होतं!" ती पाहुण्यांदेखत म्हणाली.

"मी या वाफ्याजवळ आलोच नाही."

"मग काय, पऱ्यांनी नेली?"

कोणीतरी हसलं. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. काल गवत कापून झाल्यावर आपण दोघं इथून बरोबरच निघालो. तेव्हा फुलं होती ना?"

होती. मी स्वतः त्यांचं कौतुक केलं होतं.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी टोपी घातली आणि चहा न घेता घरी गेले. मी दिवसभर कप भरत राहिले. "तुझ्याशिवाय झालंच नसतं," असं शेजारीण चारदा म्हणाली, आणि चारही वेळा मी हसले. सासूबाईंचं नाव नको, इथल्यांना आपल्या लोकांबद्दल काय वाटेल, अशी कारणं मी स्वतःला देत होते. खरं एवढंच होतं की त्या रस्त्यावर कामाची, भरवशाची बाई म्हणून माझं नाव होतं आणि ते मला सोडवत नव्हतं.

घरी सासूबाई खुशीत होत्या. "बघ, कसा भरलाय देव्हारा!" त्यांना काय बोलणार? आणा म्हणणारी मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी समोरच्या गृहस्थांचं दार वाजवलं. त्यांना सगळं सांगितलं. लक्ष नव्हतं हे खोटं होतं, तेही. त्यांनी मला आत बोलावलं नाही.

"तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग इथे काय करताय?"

मी रस्ता ओलांडला आणि शेजारणीची बेल दाबली.