पिशवीला दोन गाठी

विमा कचेरीतल्या या कारकुनाला गल्लीत सगळे फुंकरराव म्हणत. त्याने हौसेने कॅमेरा घेतला होता आणि डोळ्यांत तेल घालून तो जपत होता. लेन्स मऊ फडक्यात, फडकं चामड्याच्या पाकिटात, पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी आणि ते सगळं लोखंडी कपाटात पांघरुणांखाली. दर रविवारी रबरी फुग्याने तो फुंकर घालायचा, पण पिशवीवर. पिशवी उघडली तर धूळ आत नाही का जाणार! एवढ्या बंदोबस्तात सात वर्षांत एक रोलसुद्धा संपला नव्हता.

अशात आईची थोरली बहीण बारा वर्षांनी चार दिवस राहायला आली. आईची एकच इच्छा होती, दोघींचा एक नीट फोटो. लग्नानंतर दोघींचा एकत्र फोटोच नव्हता. आईने भीतभीत स्टुडिओचं नाव काढलं, तर फुंकररावांचा पारा चढला. "घरात कॅमेरा असताना?"

पहिल्या दिवशी वारा होता. दुसऱ्या दिवशी हवा दमट. तिसऱ्या दिवशी ऊन सोसवेना, अर्थात लेन्सला.

"अरे, लेन्स बाहेर काढतोयस की लेक सासरी धाडतोयस?" मावशी हसली. "उद्या निघायचंय मला."

चौथ्या दिवशी, मावशीची पिशवी दारात असताना लेन्सच्या पिशवीच्या गाठी सुटल्या. दोघी खुर्च्यांवर बसल्या. रोल वाया जायला नको म्हणून याने एकच फोटो काढला.

तो धुऊन आला तेव्हा दोघी बहिणी दुधात बुडाल्यासारख्या दिसत होत्या. कुठली कोण तेही कळेना.

"आत बुरशी आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "अंधारात, चामड्यात कोंडली होती ना? लेन्सला उजेड लागतो, वारा लागतो. वापरत राहिला असतात तर काही झालं नसतं."

"अहो, मी जिवापाड जपलीय!"

"दिसतंय की."

साफसफाईला तीन आठवडे लागले. त्यातच मावशी गेल्याचा निरोप आला. लख्ख झालेली लेन्स घेऊन घरी येताना याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

धुतलेलं पातळ नेसून आईने खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या आणि एकीवर बसली.

"काढ आता," ती म्हणाली. "आणि तिची खुर्ची कापू नकोस."